सिलिकॉनचा 'एनआय' नक्की किती? पुस्तकातले आकडे घालून पुस्तकातलं उत्तर येईना!

फळ्यावरची | मंगळवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय, तोही गाऱ्हाणं घेऊन.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेस शिकवते. अकरा वर्षं झाली. दरवर्षी फळ्यावर तीच ओळ लिहिते: शुद्ध सिलिकॉनमध्ये ३०० केल्विनला दर घन सेंटिमीटरमागे १.५ × १०^१० मोकळे इलेक्ट्रॉन आणि तेवढीच होल. यालाच इंट्रिन्सिक कॅरिअर कॉन्सन्ट्रेशन म्हणायचं, लाडाने एनआय. मुलं उतरवून घेतात, पेपरात लिहितात, मी मार्क देते. सुखाचा संसार.

परवा मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं. म्हणे, "मॅडम, तुम्हीच दिलेले एनसी-एनव्ही सूत्रात घातले. ६.९५ × १०^९ येतंय. दीड तर सोडाच, पाऊणसुद्धा नाही." (एनसी आणि एनव्ही म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन आणि होल यांना उपलब्ध असलेल्या जागांचे आकडे.) मी ठेवणीतलं अस्त्र काढलं: "कॅल्क्युलेटर बघ, डिग्रीवर असेल." (ई च्या घाताला डिग्री-रेडियन काय करणार! पण वर्ग हसला आणि घंटा झाली.)

घरी येऊन लाइट बिलाच्या मागे स्वतः करून पाहिलं. एनसी २.८ × १०^१९, एनव्ही १.०४ × १०^१९, दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ. बँड गॅप (इलेक्ट्रॉन बंधातून सोडवायला लागणारी ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, केटी (त्या तापमानाची उष्णतेची ऊर्जा) ०.०२५९. गॅप भागिले दोन केटी म्हणजे २१.६२, त्याचा उणे घात. उत्तर ६.९५ × १०^९. पोरगं बरोबर.

आणि त्याच पुस्तकात मागच्या तक्त्यात १.५ × १०^१०. दुसऱ्या पुस्तकात १.४५. नेटवर कुठे १.०, कुठे ९.६५ × १०^९. गुरुवारी पुन्हा त्याच वर्गावर तास आहे. वाचवा.

पाऊणशहाणा | मंगळवार, रात्री ११:०५

सातबाऱ्यावर एक, मोजणीत दुसरं, बांधावर तिसरंच. सिलिकॉनची जमीन पण वडिलोपार्जित दिसते.

रुमाल टाकून ठेवतो. जाणकार आले की उठवा.

तिखटमीठ | मंगळवार, रात्री ११:२०

मी कॉमर्सवाली. एक घन सेंटिमीटर म्हणजे फाशाएवढा तुकडा ना? त्यात दहा अब्ज मोकळे इलेक्ट्रॉन असतील तर ते खूप की कमी? आणि 'मोकळे' म्हणजे कुठून मोकळे झाले?

गॅमा | बुधवार, सकाळी ७:४०

@तिखटमीठ, फारच कमी. तेवढ्या तुकड्यात सिलिकॉनचे अणू ५ × १०^२२ असतात. म्हणजे साधारण पाच लाख कोटी अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन. बाकीचे सगळे शेजारच्या अणूंशी बंध करून घट्ट बसलेले. उष्णतेच्या धक्क्याने एखादा बंध तुटतो, इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी खड्डा राहतो. तो खड्डा म्हणजे होल. सुटलेला इलेक्ट्रॉन भटकत भटकत कुठल्या तरी होलात पडतो आणि जोडी संपते. तोवर दुसरीकडे नवी सुटलेली असते.

एसटी स्टँड डोळ्यांसमोर आणा. दुपारी दोनला गर्दी मोजा, तीनला मोजा, आकडा तोच, माणसं वेगळी. येणारे आणि जाणारे जिथे सारखे होतात ती गर्दी म्हणजे एनआय. तापमान वाढलं की येणारे वाढतात, गर्दी नव्या आकड्यावर स्थिरावते.

डोपिंग करून, म्हणजे मुद्दाम परके अणू मिसळून, तुम्ही इलेक्ट्रॉन वाढवलेत तर होल त्या प्रमाणात घटतात. दोघांचा गुणाकार कायम एनआयच्या वर्गाइतका. इलेक्ट्रॉन १०^१६ केले तर होल उरतात १०^४, अख्ख्या फाशात दहा हजार. म्हणून शुद्ध सिलिकॉन कोणी वापरत नसलं तरी एनआय प्रत्येक डायोडच्या हिशेबात येऊन बसतो.

बोरूबहाद्दर | बुधवार, सकाळी ९:१५

अवांतर: 'इंट्रिन्सिक'ला 'निर्भेळ' म्हणावं काय? निर्भेळ दूध, तसं निर्भेळ सिलिकॉन. 'आंतरिक वाहक संहती' वाचलं की संतवाङ्मय उघडल्यासारखं वाटतं.

फळ्यावरची | बुधवार, सकाळी ९:३२

निर्भेळ आवडलं! पण एक अडचण आहे. भेसळ केलेल्या सिलिकॉनमध्येही एनआय हाच आकडा सूत्रात येतो. तो त्या तुकड्याच्या शुद्धतेवर नसतो, पदार्थ आणि तापमान यांवर असतो. दूध पाणीदार असलं तरी म्हशीचा गुण तो म्हशीचाच. असो, माझा गुरुवार जवळ येतोय.

सिडनीकर | बुधवार, दुपारी १२:१०

ताई, थेट आमच्या गल्लीतला प्रश्न विचारलात. सोलर सेलवर काम करतो, त्यामुळे या आकड्याशी रोजची गाठ. सविस्तर लिहितो.

आधी पोराची तफावत. गुन्हेगार एनव्ही आहे. १.०४ × १०^१९ हा आकडा होलचं प्रभावी वस्तुमान (स्फटिकात फिरताना ते जितकं जड भासतं ते) इलेक्ट्रॉनच्या ०.५५ पट धरून येतो. ते वस्तुमान सायक्लोट्रॉन रेझोनन्सने मोजलेलं, म्हणजे द्रव हेलियमच्या थंडीत, ४ केल्विनच्या आसपास. ३०० केल्विनला होल ऊर्जेच्या पट्ट्यात बरीच खोलवर पसरतात, तिथे पट्ट्याचा आकार साध्या पॅराबोलासारखा राहत नाही आणि हिशेबाचं वस्तुमान १.१५ पर्यंत जातं. मग एनव्ही ३.१ × १०^१९ होतो, जवळजवळ तिप्पट. हिमालयात घेतलेलं माप घालून चंद्रपूरच्या माणसाला सदरा शिवला, तो कसा बसणार?

आता एनसी २.८६, एनव्ही ३.१ (दोन्ही × १०^१९), गॅप १.१२४ आणि केटी ०.०२५८५ घ्या. १.०८ × १०^१० मिळेल. १९९० साली इथल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या मार्टिन ग्रीन यांनी जुनी सगळी मापं एकत्र तपासून हाच आकडा सुचवला होता.

मग १.४५ आणि १.५ आले कुठून? सूत्रातून आलेच नाहीत, ते मोजमापातून आले. १९५४ साली बेल लॅब्जच्या मोरिन आणि मायटा यांनी सिलिकॉन तापवून हॉल परिणाम (चुंबकात ठेवून वाहक मोजायची रीत) आणि वाहकता मोजली. तापवावं लागलंच, कारण खोलीच्या तापमानाला निर्भेळ (बोरूबहाद्दर, घ्या!) सिलिकॉन हाती लागत नाही. त्यासाठी भेसळ दर घन सेंटिमीटरला १०^१० च्याही बरीच खाली हवी, म्हणजे पाच लाख कोटी अणूंत एकही परका नको. इतकं शुद्ध सिलिकॉन कोणी बनवत नाही. म्हणून एवढं तापवायचं की उष्णतेने सुटलेले वाहक भेसळीतून आलेल्यांना बुडवून टाकतील, तिथे मोजायचं आणि ती रेघ खाली ३०० केल्विनपर्यंत ओढत आणायची. रेघ लांब, घात तीव्र. वर अंगठ्याएवढी चूक झाली की खाली हातभर होते.

पुस्तकांनी तो आकडा उचलला, पुढच्या पुस्तकांनी मागच्यांतून घेतला. तीस-पस्तीस वर्षं कोणाचं अडलं नाही.

१९९१ मध्ये स्प्राउल आणि ग्रीन यांनी उलटी वाट धरली. निर्भेळ तुकड्याच्या मागे न लागता मुद्दाम बनवलेले सोलर सेल घेतले. डायोडच्या सॅच्युरेशन करंटमध्ये (उलट दिशेला गळणारा बारीक करंट) एनआयचा वर्ग दडलेला असतो. वेफरची जाडी, डोपिंग आणि मायनॉरिटी (संख्येने कमी असलेले) वाहक किती वेगाने पसरतात हे माहीत असेल तर एनआय बाहेर काढता येतो, तोही थेट २७५ ते ३७५ केल्विनच्या टप्प्यात. लांब रेघ नाहीच. उत्तर १.०० × १०^१०. १९९३ मध्ये मिसियाकोस आणि त्सामाकिस यांनी कपॅसिटन्सवरून ९.७ × १०^९ काढला. आणि २००३ मध्ये अल्टरमॅट आणि सहकाऱ्यांनी स्प्राउल-ग्रीन यांचीच मापं पुन्हा चाळली. त्या सेलमधल्या हलक्या डोपिंगनेही गॅप किंचित अरुंद होतो, तो धरला नव्हता, असं दाखवून ९.६५ × १०^९ वर आणलं. सध्या आम्ही तोच वापरतो.

तेव्हा मुलाचं ६.९५ चूक, पुस्तकातलं १.५ पण चूक, आणि दोन चुकांच्या मधोमध कुठेतरी खरं बसलंय.

पाऊणशहाणा | बुधवार, दुपारी १२:३०

म्हणजे तडजोड झाली. तंटामुक्त सिलिकॉन.

इन्व्हर्टर | बुधवार, दुपारी १:४५

सिडनीकर, माहिती उत्तम, वाचनखूण साठवली. पण जरा कुरकुर करतो. पुण्यात ईव्हीच्या कंट्रोलरवर काम करतो. आमच्या लेखी १.० काय आणि १.५ काय! लॅबच्या खिडकीतून ऊन आलं की आकडा तेवढा हलतो. ३०० केल्विनजवळ एनआय दर अंशाला सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, आठ-नऊ अंशांत दुप्पट.

सिडनीकरांच्याच आकड्यावरून हिशेब करा. २७ अंश सेल्सिअसला १०^१० च्या जवळपास. ४५ अंशांना, म्हणजे मे महिन्यातल्या नागपुरात, ४ × १०^१०. १२५ अंशांना ५ × १०^१२. २०० अंशांना १०^१४ च्या वर. मोठ्या व्होल्टेजच्या सिलिकॉन डिव्हाइसमध्ये ड्रिफ्टच्या (व्होल्टेज अडवणाऱ्या) थराचं डोपिंगच १०^१४ च्या घरात असतं. म्हणजे तिथे पाहुण्यांची संख्या घरच्यांएवढी झाली. आता जंक्शन कसली आणि अडवणूक कसली.

म्हणून सिलिकॉन कार्बाइड. त्याचा गॅप ३.२६, आणि एनआय खोलीच्या तापमानाला १०^-८ च्या आसपास. उणे आठ!

तिखटमीठ | बुधवार, दुपारी २:०२

उणे आठ म्हणजे फाशात इलेक्ट्रॉनचा एक कोटी भागांतला एखादा तुकडा?

इन्व्हर्टर | बुधवार, दुपारी २:१५

तुकडा नाही हो, आणि कोटी नाही, दहा कोटी. दहा कोटी फासे एकत्र केलेत तर सरासरीने त्यांत एक सापडेल. दहा कोटी घन सेंटिमीटर म्हणजे १०० घन मीटर. डोंबिवलीतला साधारण पावणेचारशे चौरस फुटांचा वन बीएचके फरशीपासून छतापर्यंत सिलिकॉन कार्बाइडने गच्च भरा, उष्णतेने सुटलेला एक इलेक्ट्रॉन मिळेल.

पाऊणशहाणा | बुधवार, दुपारी २:१८

आणि त्याचंही मेंटेनन्स बाकी.

सिडनीकर | बुधवार, दुपारी ४:३०

@इन्व्हर्टर, तुमच्याकडे हलत असेल, आमच्याकडे आकडा पैशात मोजतात. सोलर सेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच न जोडता मिळणारं) सॅच्युरेशन करंटच्या लॉगवर ठरतं आणि त्या करंटमध्ये एनआयचा वर्ग आहे. १.४५ ऐवजी १.० धरला की वर्ग २.१ पट घटतो, लॉग घेऊन केटीने गुणा, १९ मिलीव्होल्ट. म्हणजे सिलिकॉन सेल जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकतो ती रेषाच १९ मिलीव्होल्ट वर सरकली. ७०० च्या आसपासच्या आकड्यात १९ थोडे नव्हेत. एक-दोन मिलीव्होल्टसाठी लोक वर्ष-वर्ष घालवतात.

तुमच्या तापमानाच्या मुद्द्याला मात्र पूर्ण अनुमोदन, त्यातून आणखी एक खड्डा निघतो. ३०० केल्विन म्हणजे २६.८५ अंश. सोलर पॅनेलची प्रमाण चाचणी होते २५ अंशांना. फरक दोन अंशांपेक्षा कमी, पण ९.६५ चा ८.३ × १०^९ होतो. नवी मुलं २५ अंशांच्या मापात ३०० केल्विनचा एनआय घालतात आणि आठवडाभर हरवलेले सात-आठ मिलीव्होल्ट शोधत बसतात. (मीही बसलोय.)

फळ्यावरची | बुधवार, सायंकाळी ६:०५

सिडनीकर, दंडवत. मी केटी ०.०२५९ ऐवजी ०.०२५८५ घालून पाहिला, तर ६.९५ चा ६.६६ झाला. चौथ्या दशांश स्थानाच्या पलीकडचं गोलाई करणं चार टक्के खातंय! हे वर्गात दाखवण्यासारखं आहे.

पण मग मी फळ्यावर सरळ ९.६५ × १०^९ लिहायला लागू का? विद्यापीठाच्या पेपरात १.५ आला तर?

सिडनीकर | बुधवार, सायंकाळी ६:४०

पेपरात जो दिलाय तो वापरायला सांगा, तक्रार नको. खरी सावधगिरी वेगळीच. एकाच ताटातलं एकाच ताटात ठेवायचं. जास्त डोपिंगने गॅप किती अरुंद होतो याची जुनी सूत्रं १.४५ गृहीत धरून बसवलेली होती. सिम्युलेशनमध्ये एनआय तेवढा नवा केला आणि ती सूत्रं जुनीच ठेवली, तर दोन्हींपेक्षा वाईट उत्तर येतं. जुन्या चुका एकमेकींना सांभाळून होत्या, एकीला घराबाहेर काढलं की दुसरी उघडी पडते.

गॅमा | बुधवार, रात्री ८:२०

सिलिकॉनची निर्भेळ अवस्था खोलीत मिळत नाही, पण जर्मेनियमची मिळते, हे लिहायचं राहून गेलं. गॅप ०.६६, त्यामुळे एनआय २.४ × १०^१३, सिलिकॉनच्या दोन हजार पटींहून जास्त. गॅमा किरण मोजायच्या डिटेक्टरसाठी जर्मेनियम इतकं शुद्ध करतात की भेसळ १०^१० पर्यंत खाली येते. तेवढ्या शुद्ध तुकड्यात खोलीच्या तापमानाला जे काही वाहक आहेत ते सगळे उष्णतेचेच.

आणि गंमत अशी की त्या अवस्थेत तो आमच्या कामाचा नसतो. एवढ्या गर्दीत एका गॅमा किरणाने सोडवलेले इलेक्ट्रॉन ऐकू येणार कसे? म्हणून द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनच्या आसपास थंड ठेवायचा. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत प्रयोगासाठी गेलो होतो तेव्हा ड्यूटी म्हणजे निम्मा वेळ नायट्रोजन भरणं. पहाटे तीनला ड्युअरच्या (नायट्रोजनच्या थर्मासच्या) तोंडातून पांढरी वाफ पायांवर उतरते, चपलेतली बोटं आखडतात. भरणं चुकलं आणि डिटेक्टर गरम झाला तर हाय व्होल्टेज आपोआप बंद व्हावं अशी सोय असते, आणि त्या सोयीवर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो.

सोल्डरकाका | बुधवार, रात्री ९:५०

जर्मेनियमचं नाव निघालं म्हणून लिहितो. मला तुमचं एनआय-बिनआय कळत नाही, पण त्याच्याच जिवावर मी घर चालवलं असं आज समजलं.

अकोल्यात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. सत्तरच्या दशकातल्या ट्रान्झिस्टर सेटमध्ये आउटपुटला एसी १२८ ची जोडी असायची, नंतर एसी १८७-१८८. सगळे जर्मेनियम. एप्रिल-मे आला की दुपारी दुकानात रांग. तक्रार एकच, "आवाज फाटतो, सेल दोन दिवसांत बसतात." सेट ठेवून घ्यायचो. रात्री आठला लावला की गडी खणखणीत गातोय! गिऱ्हाईक म्हणे, काका तुम्ही काही केलंच नाही, पैसे काहून देऊ?

खरं दुखणं गरमीचं. तापला की आपोआप करंट वाहायचा, करंटने अजून तापायचा, अजून वाहायचा. थांबवलं नाही तर जळायचा. त्यासाठी बायसमध्ये (ट्रान्झिस्टरला चालू ठेवणाऱ्या छोट्या व्होल्टेजच्या जोडणीत) थर्मिस्टर असे, तापला की रेझिस्टन्स कमी होणारा, तो बायस ओढून खाली आणायचा. पुष्कळदा तोच उघडा झालेला असायचा, नाहीतर ट्रान्झिस्टरवरची पत्र्याची क्लिप आधीच्या मिस्त्रीने हरवलेली. क्लिप घट्ट बसवून, थर्मिस्टर बदलून सेट उन्हात पायरीवर तासभर वाजवायचा, मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. ही माझी टेस्टिंग लॅब.

सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले आणि उन्हाळ्याचा धंदा बसला.

इन्व्हर्टर | बुधवार, रात्री १०:१५

काका, तुमची पायरी आमच्या थर्मल चेंबरला भारी आहे. तुमचा 'आपोआप करंट' म्हणजेच एनआयचा वर्ग. जर्मेनियममध्ये तो २७ अंशांवरून ४७ वर गेलं की जवळजवळ आठपट होतो. सिलिकॉनमध्ये वाढीचा वेग खरं तर आणखी जास्त आहे, पण सुरुवातच इतक्या खालून की कितीही पटींनी वाढला तरी कोणाला कळत नाही. दोघांच्या वर्गांत पन्नास लाख पटींहून जास्त अंतर आहे.

सोल्डरकाका | बुधवार, रात्री १०:४०

@फळ्यावरची, मॅडम, पोरांना आकडे दाखवता तर हेही दाखवा. जुना एसी १२८ कुठे मिळाला तर घ्या. बेस मोकळा सोडा. काटेवाला मल्टिमीटर ओहमवर लावा, एमिटरला काळी पिन, कलेक्टरला लाल. उलट नाही लिहिलं, काटेवाल्या मीटरात ओहम रेंजला काळी पिन पॉझिटिव्ह असते आणि हा पीएनपी आहे. काटा थोडा वर येऊन थांबेल. आता ट्रान्झिस्टर दोन बोटांत धरा आणि गप्प बसा.

फळ्यावरची | गुरुवार, रात्री ९:२५

आज तास झाला.

एसी १२८ आमच्या लॅबच्या कपाटात निघाला, जुन्या कंपास पेटीत, कापसावर ठेवलेला. कोणी ठेवला असेल देव जाणे. काटेवाला मीटरही शिपाईमामांनी अडगळीतून काढून दिला, सेल मात्र नवा घालावा लागला.

आधी सगळ्यांसमोर पोराची माफी मागितली: कॅल्क्युलेटर बरोबर होता, मी चुकले. मग फळ्यावर तीन आकडे लिहिले, ६.९५ × १०^९, १.५ × १०^१० आणि ९.६५ × १०^९, आणि प्रत्येकाखाली तो कुठून आला ते. हेलियमच्या थंडीतलं वस्तुमान, तापवून ओढलेली रेघ, सोलर सेल. चंद्रपूरचा सदराही सांगितला, सिडनीकर, तुमची परवानगी न घेता.

मग त्याच पोराला पुढे बोलावून ट्रान्झिस्टर हातात दिला. काटा एका जागी थांबलेला. त्याने चिमटीत धरला. पाचेक सेकंद काही नाही. मग काटा उजवीकडे सरकायला लागला, सावकाश, घड्याळातल्या मिनिटकाट्यापेक्षा जरा जलद. मागचे बाक उठून पुढे आले. सोडल्यावर परत यायला त्याहून जास्त वेळ लागला. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर लावून तसंच केलं, काटा ढिम्म.

पोरगं म्हणतं, "मॅडम, म्हणजे हा थर्मामीटर झाला की. मी कॅलिब्रेट करून आणू?" कंपास पेटीसकट दिला आहे.

@सोल्डरकाका, तो विचारतोय की बर्फाच्या पाण्यात बुडवायचा असेल तर पायांना काय गुंडाळावं.

सोल्डरकाका | गुरुवार, रात्री ९:५५

गुंडाळू नका. फुग्यात घालून तोंडाला दोरा बांधा, पाय बाहेर ठेवा. आणि पाय फार वाकवू नका म्हणावं, काचेतून निघतात तिथेच तुटतात. दुसरा मिळणार नाही.